सातारा जिल्ह्यातल्या पर्यटनाचा कार्बन हिशोब: ११ तालुक्यांवर डीईए लावावं का?

माहुलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातल्या पर्यटनाची पर्यावरणीय कार्यक्षमता मोजायची आहे. बाहेरच्या देशांतल्या पेपरांत प्रांत नाहीतर शहरं घेऊन डीईए, म्हणजे डेटा एनव्हलपमेंट अ‍ॅनालिसिस (कमी इनपुटात जास्त आउटपुट कोण काढतं याची आपसांत तुलना करून गुण देणारं गणित), लावलेलं दिसतं. त्याच धर्तीवर ११ तालुके घ्यायचं ठरवलंय. इनपुट तीन: हॉटेलच्या खोल्या, कामगार, वीज. आउटपुट दोन: पर्यटकसंख्या आणि उत्पन्न. शिवाय नकोसं आउटपुट म्हणून कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड.

अडकलोय ते इथं:

१) तालुकावार पर्यटक कसे मोजायचे? आनेवाडी टोलनाक्याचे आकडे चालतील का?
२) माणूस मुंबईहून निघाला तर त्याचा प्रवास घरापासून धरायचा की जिल्ह्याच्या हद्दीपासून?
३) कोयना आणि पवनचक्क्या आपल्याच जिल्ह्यात आहेत. मग इथल्या विजेचा कार्बन शून्य धरला तर?

हातात सहा महिने आहेत, मदतीला दोन ज्युनिअर.

घाटवाट

डीईएचं आधी बोलू, कारण तिथंच प्रकल्प बसणार की उभा राहणार ते ठरतंय.

११ तालुक्यांवर डीईए लावू नका. ढोबळ नियम असा, की एककांची (ज्यांची तुलना करायची त्यांची, इथं तालुक्यांची) संख्या इनपुट-आउटपुटच्या बेरजेच्या निदान तिप्पट हवी. तुमची बेरीज कार्बन सोडून ५, म्हणजे किमान १५ एककं लागतात. कार्बन धरला तर १८. तुमच्याकडं ११. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांचं १९७८चं मूळ मॉडेल घ्या नाहीतर टोन यांचं २००१चं स्लॅकवालं (जादा इनपुट आणि कमी पडलेलं आउटपुट थेट मोजणारं), एककं कमी आणि चलं जास्त असली की निम्म्याहून जास्त तालुके १.०० म्हणजे पूर्ण गुण घेऊन बसतात. प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या एका बाबतीत पहिला येतो आणि मॉडेल त्याला त्याच बाबतीचं वजन देऊन पास करतं.

दुसरी खोच आपल्या मातीतली आहे. माणमध्ये शिखर शिंगणापूर आणि म्हसवड, खटावात पुसेगाव आणि औंध. यात्रेला लोटणारी माणसं लॉजवर उतरत नाहीत. एसटीनं, जीपनं, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून येतात, दर्शन घेतात, भाकरी सोडतात आणि परत जातात. इनपुटला हॉटेलच्या खोल्या धरल्यात तर माण-खटावच्या खोल्या मूठभर आणि माणसं लाखांनी. दोन्ही तालुके जिल्ह्यात सगळ्यात 'कार्यक्षम' ठरतील. गणित बरोबर, निष्कर्ष फुकाचा.

तिसरी चूक: वीज इनपुटला आणि तीच वीज उत्सर्जन गुणांकानं (युनिटमागं किती किलो कार्बन) गुणून कार्बनमध्ये परत. एकच आकडा दोन दारांनी आत येतो. दोन्हीपैकी एकच ठेवा.

डीईए करायचंच असेल तर एकक बदला. महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा, बामणोली, कास परिसर मिळून ४०-५० हॉटेलं आणि घरगुती निवास घ्या. तिथं इनपुट-आउटपुट एका जातीचे असतात, तुलनेला अर्थ राहतो. तालुक्यांसाठी साधी गुणोत्तरं पुरेत: माणशी-रात्र किती किलो, दिवसाच्या पाहुण्यामागं किती किलो.

आता टोलनाका. आनेवाडीचा आकडा महाबळेश्वरसाठी निरुपयोगी आहे. पुण्याकडून येणारी गाडी खेड शिवापूरला टोल भरते, खंबाटकी ओलांडते आणि सुरूर फाट्याला वाईकडं वळते. आनेवाडी त्याच्या पुढं, साताऱ्याच्या बाजूला. म्हणजे पुण्या-मुंबईचा बहुतांश पर्यटक त्या नाक्यावर दिसतच नाही. उलट कोल्हापूर-बेंगळुरूचे ट्रक, ट्रॅव्हल्स आणि साताऱ्याची रोजची ये-जा तिथं नोंदली जाते.

त्यापेक्षा पाचगणी आणि महाबळेश्वरच्या गिरिस्थान नगरपरिषदा नाक्यावर प्रवासी कर घेतात, त्या पावत्यांची महिनावार, वाहनप्रकारानुसार बेरीज माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, मुदत ३० दिवस, म्हणून तो आजच टाका. दोन पथ्यं पाळा. एक, दोन्ही नगरपरिषदांच्या पावत्यांची बेरीज करायची नाही. वाईमार्गे आलेली तीच गाडी दोन्हीकडं पावती फाडते. दोन, मेढा-केळघरमार्गे येणारी आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणारी गाडी पाचगणीत दिसत नाही, ती फक्त महाबळेश्वरच्या नाक्यावर येते.

पावत्यांना पडताळा म्हणून पसरणी घाटात स्वतः मोजणी करा. वाई सोडल्यावर चढण लागते तिथं, फक्त चढणारी वाहनं, १५-१५ मिनिटांच्या टॅली, सकाळी ६ ते रात्री १०. एक मधला वार, एक शनिवार, एक रविवार. आणि हे मे, ऑगस्ट, डिसेंबर अशा तीन हंगामांत. सहा महिन्यांत तिन्ही बसत नसतील तर जे सुटेल त्याला पावत्यांवरून प्रमाण लावा. दर दहाव्या गाडीतली डोकी मोजा. पासिंग लिहून घ्या: एमएच-१२, एमएच-१४ पुण्याकडच्या, एमएच-०१ ते ०४ मुंबई-ठाण्याच्या, एमएच-११ आणि एमएच-५० आपल्या. पासिंगवर डोळे झाकून विश्वास नको. साताऱ्यातून भाड्यानं केलेली गाडी एमएच-११च असते, आत बसलेला कुठलाही असो. पाचगणीच्या शाळांच्या बस आणि स्ट्रॉबेरीचे टेम्पो वेगळ्या रकान्यात.

हद्दीचं म्हणाल तर दोन खाती उघडा. 'घर ते घर' एक, 'जिल्ह्याच्या आत' दुसरं. पहिल्यातून एकूण ठसा कळतो, दुसऱ्यातून इथली नगरपरिषद किंवा एसटी आगार काय बदलू शकतं ते कळतं. दोन्ही एकाच आकड्यात कोंबायचे नाहीत. सहल एकापेक्षा जास्त ठिकाणची असेल, समजा महाबळेश्वर, प्रतापगड करून पुढं दापोली, तर घर ते घरचा प्रवास रात्रींच्या प्रमाणात वाटा. ४ रात्रींपैकी २ महाबळेश्वरला म्हणजे निम्मा कार्बन आपला.

हिशोब कसा पडतो ते एका गाडीवर बघा. मुंबई-महाबळेश्वर जाऊन-येऊन सुमारे ५२० किमी. १५ किमीला लिटर धरलं तर ३५ लिटर. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो कार्बन, म्हणजे ८० किलो. चार माणसं असतील तर माणशी २०, दोघंच असतील तर ४०. एसटीची डिझेल गाडी लिटरला ५ किमी धरली तर किलोमीटरला २.६८ (डिझेलच्या लिटरमागं किलो) भागिले ५, म्हणजे ०.५४ किलो. तीस प्रवासी असले तर माणशी किलोमीटरला १८ ग्रॅम. कारमध्ये चौघं असले तरी ३८ ग्रॅम पडतात.

वेण्णाकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. विजेचा आणि हॉटेलचा भाग मी घेतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, शून्य धरता येणार नाही. कोयनेची १,९६० मेगावॅट असो की वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि महाबळेश्वरचं हॉटेल ग्रिडमधूनच घेतं. पवनचक्की खिडकीतून दिसते म्हणून वीज तिची होत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा गुणांक काढतं, अलीकडच्या वर्षांत तो युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या घरात आहे. तोच घ्या. एखाद्या हॉटेलनं महावितरणकडून हरित दरानं वीज घेतली असेल किंवा पवनवीज थेट कराराने विकत घेतली असेल, तर ते कागद बघून दुसऱ्या रकान्यात 'करारानुसार' असा वेगळा आकडा द्या. पहिला रकाना खोडायचा नाही.

हॉटेलकडून काय मागायचं: १२ महिन्यांची वीजबिलं (युनिट हवेत, रुपये नकोत, रुपयांत स्थिर आकार, वहन आकार सगळं मिसळलेलं असतं), गॅस सिलिंडरच्या पावत्या, जनरेटरच्या डिझेलची नोंद, लाकूडफाटा, आणि महिनावार विकलेल्या खोल्या. सिलिंडर घरगुती १४.२ किलोचा, व्यावसायिक १९ किलोचा. किलो गॅसला २.९८ किलो कार्बन धरा, म्हणजे अनुक्रमे ४२ आणि ५७ किलो. जनरेटर लिटरला ३ ते ३.५ युनिट देतो, म्हणजे त्याचं युनिट ०.८ किलोच्या आसपास, ग्रिडहूनही वाईट.

नमुन्यादाखल कल्पित २० खोल्यांचं हॉटेल घ्या. मे महिना (सोयीसाठी ३० दिवसांचा), ६० टक्के खोल्या भरलेल्या: ३६० खोली-रात्री. वीज ९,००० युनिट × ०.७२ = ६,४८० किलो. व्यावसायिक सिलिंडर १२ = ६८० किलो. डिझेल १५० लिटर = ४०० किलो. एकूण साधारण ७.५ टन, खोली-रात्रीमागं २१ किलो. खोलीत सरासरी २.२ माणसं धरली तर माणशी ९.५.

आता तेच हॉटेल जुलैत. धुकं, पाऊस, १० टक्के खोल्या, ६० खोली-रात्री. पण पंप, फ्रीज, पॅसेजचे दिवे, कामगारांच्या खोल्या चालूच. वीज ४,००० युनिट. म्हणजे खोली-रात्रीमागं नुसत्या विजेचे ४८ किलो. म्हणून एका महिन्याच्या बिलावरून वर्षाचा आकडा काढायचा नाही, मग तो महिना मे असो वा जुलै.

सोलर वॉटर हीटरवाले हॉटेलमालक 'आमचं गरम पाणी फुकट' असं सांगतील. महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर छतावरच्या हीटरला ऊन दिसत नाही, तेव्हा आतली हीटिंग कॉइल किंवा लाकडाचा बंब चालतो. २० लिटरची बादली ३० अंशांनी तापवायला ०.७ युनिट लागतं, म्हणजे बादलीमागं अर्धा किलो. बंब असेल तर लाकडाचं वजन नोंदवा. लाकडाचा कार्बन डायऑक्साइड जैविक (झाडानं हवेतूनच घेतलेला) म्हणून बेरजेबाहेर वेगळा दाखवायचा असतो. पण बेरजेबाहेर आहे म्हणून नोंदच नाही, असं करू नका. तिथं प्रश्न कार्बनपेक्षा जंगलाचा आहे.

बहुतेकजण विसरतात ती गोष्ट म्हणजे एसी आणि कोल्ड रूमचा गॅस. आर-४१०ए एक किलो गळला तर सुमारे २.१ टन कार्बन डायऑक्साइडइतका. वर्षात मेकॅनिकनं २ किलो भरला असेल तर ४.२ टन, म्हणजे वरच्या हॉटेलच्या भर सिझनमधल्या महिन्याच्या निम्म्याहून जास्त. मेकॅनिकच्या बिलावर किलो लिहिलेले नसतात, नुसतं 'गॅस चार्जिंग' असतं. हॉटेलला न विचारता मेकॅनिकला विचारा, त्याला आठवतं.

रेस्टॉरंटमध्ये बाहेरचे खाणारे येत असतील तर गॅस खोली-रात्रींवर टाकू नका, थाळ्यांच्या संख्येनं वाटा. बाहेर धुवायला जाणारे कपडेही धरा. नाहीतर ज्यानं घरची लाँड्री बंद केली तो कागदावर हिरवा होतो.

ऊसवाला

२.३ किलो लिटरला? पंपावर निव्वळ पेट्रोल मिळतंय कुठं आता? ई-२० आहे. ८० टक्केच खनिज, म्हणजे लिटरला १.८५ किलोच्या आसपास. २० टक्के इथेनॉलचा कार्बन जैविक म्हणून बाजूला. वर मुंबईच्या गाडीचे ८० किलो काढलेत ते ६५ होतात.

खूश व्हायचं कारण नाही. इथेनॉलचा लिटरमागं उष्मांक कमी, त्यामुळं मायलेज थोडं पडतं. आणि उसाला पाणी, युरिया, वाहतूक लागतेच की. तो कार्बन पर्यटनाच्या वहीतून शेतीच्या वहीत जातो, नाहीसा होत नाही. म्हणून सल्ला एवढाच: लिटर, युनिट, किलो एका शीटमध्ये, गुणांक दुसऱ्या शीटमध्ये, सूत्रानं जोडलेले. थेट कार्बन लिहून ठेवला की गुणांक बदलल्यावर मुळापासून कामाला लागता.

आणि ते 'उत्पन्न' आउटपुट. राव, तिथं सगळ्यात मोठी फसगत आहे. घरगुती निवास माणशी-रात्र ६ किलो, भाडं १,२०० रुपये: रुपयाला ५ ग्रॅम. रिसॉर्ट १५ किलो, भाडं ६,०००: रुपयाला २.५ ग्रॅम. रिसॉर्ट अडीचपट कार्बन सोडून दुप्पट कार्यक्षम! रुपयामागं कार्बन अशा धर्तीचं माप गॉसलिंग आणि सहकारी संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं तेव्हा ते वेगवेगळ्या देशांतल्या पर्यटनस्थळांची आणि बाजारपेठांची तुलना करत होते. तालुक्यात लावलं की महाग ते चांगलं असं उत्तर येतं. निदान गावात राहणारा पैसा तरी मोजा: पगार, स्थानिक खरेदी, स्थानिक मालकाचा नफा. मालक मुंबईत असेल तर नफा सोडून द्या.

शिवाय भाडी दरवर्षी वाढतात. भाववाढ वजा न करता पाच वर्षांची तुलना केलीत तर काहीही न करता कार्यक्षमता सुधारलेली दिसते.

माहुलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डीईए तालुक्यांवरून काढून हॉटेलांवर नेतोय. दोन शंका उरल्या:

अ) पर्यटकांची प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी? मार्गदर्शक ३८४ म्हणतात.
आ) बामणोली-तापोळ्याच्या बोटी आणि कास पठार यांचं काय करायचं?

घाटवाट

३८४ हा आकडा ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के चुकीला बरोबर आहे, पण तो सुट्या माणसांसाठी. एका गाडीतल्या पाच जणांकडून पाच फॉर्म भरून घेतलेत तर ते पाच नमुने नव्हेत, एकच. एकक 'गट' धरा आणि ४०० गट करा. वेण्णा तलावाच्या आणि टेबल लँडच्या पार्किंगमध्ये उभे राहा, गाडीकडं परतणारे लोक उत्तर देतात; पॉइंटवर सेल्फी काढणारे देत नाहीत. प्रश्न आठच: निघालात कुठून, घर सोडल्यापासूनची सगळी साधनं, इंधन कोणतं, माणसं किती, एकूण रात्री, त्यातल्या इथल्या किती, मुक्काम कुठं, माणशी खर्च. 'गाडी किती मायलेज देते' विचारू नका, प्रत्येकजण जाहिरातीतला आकडा सांगतो. मॉडेल लिहून घ्या.

'सगळी साधनं' यावर जोर द्या. कारण विमान. दिल्लीहून पुण्याला विमानानं येऊन पुढं टॅक्सी केलेला पर्यटक पार्किंगमध्ये एमएच-१२ म्हणून दिसतो. विमानाचे जाऊन-येऊन माणशी २०० किलो धरा. शंभरात असे पाचच असले तरी १,००० किलो. उरलेल्या ९५ जणांचे माणशी २० प्रमाणे १,९००. म्हणजे पाच टक्के माणसं प्रवासाच्या कार्बनचा तिसरा हिस्सा उचलतात. ४०० गटांत असे वीसच येतील, आणि वीसवरून काढलेला आकडा डगमगता असतो. म्हणून महागड्या हॉटेलांतून वेगळे ५०-६० गट जादा घ्या आणि शेवटी त्यांचं खरं प्रमाण लावून वजन कमी करा.

घाटाबद्दल एक. सपाटीचं मायलेज घाटाला चालत नाही. १,४०० किलोची गाडी वाईपासून महाबळेश्वरपर्यंत सुमारे ६०० मीटर वर चढते. त्याला ८.२ मेगाज्यूल लागतात. पेट्रोलच्या लिटरातून चाकापर्यंत साधारण ८ पोचतात. म्हणजे नुसत्या चढाला लिटरभर जादा. उतरताना गिअरमध्ये सोडलेली गाडी त्यातलं काही परत देते, ब्रेक दाबत उतरणारी देत नाही. आणि शनिवारी पसरणीत एसी लावून तासभर खोळंबलेली गाडी पाऊण ते एक लिटर उभ्याउभ्या जाळते. कोंडीचे तास वेगळे नोंदवलेत तर नगरपरिषदेला त्याचा खरा उपयोग होईल.

वेण्णाकाठ

बोटींचं: वेण्णा तलावावर बहुतेक वल्ह्याच्या आणि पायडलच्या, त्या सोडा. शिवसागरावर, म्हणजे कोयनेच्या जलाशयावर, मोटरबोटी. बोट क्लबची इंधनवही आणि फेऱ्यांची वही दोन्ही बघा, लिटर प्रति फेरी काढा. तिथं एक गोष्ट सांभाळा: पलीकडच्या गावांतले लोक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला त्याच जलाशयातून ये-जा करतात. लाँच आणि गाड्या नेणारा तराफा यांचं सगळं डिझेल पर्यटनावर टाकलंत तर जावळीचा आकडा फुगेल. एक सुट्टीचा आणि एक कामाचा दिवस धक्क्यावर बसून डोकी वेगळी मोजा, त्या प्रमाणात डिझेल वाटा.

कास सोपं आहे, कारण तिथं दिवसाला ३,००० जणांची मर्यादा आहे आणि नोंदणी होते. हंगाम मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबर. माणसांची संख्या वन विभाग आणि स्थानिक समितीकडून मिळते, तुम्ही फक्त गाड्या आणि कुठून आल्या ते बघा. पुण्याहून एका दिवसात जाऊन-येऊन २७० किमी, १८ लिटर. रात्र नाही, हॉटेल नाही, म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन गाडीचा. म्हणून कासला माणशी-रात्र हे माप लावू नका, शून्यानं भागायची पाळी येईल, माणशी-भेट धरा. दोन्ही मापं एका तक्त्यात आली तर रकाने वेगळे.

ऊसवाला

आणि तक्त्यात एकूण टन पहिल्या रकान्यात लिहा, गुणोत्तरं नंतर. माणशी कार्बन १० टक्क्यांनी उतरला आणि पर्यटक २० टक्क्यांनी वाढले तर एकूण ८ टक्के चढतो. अहवाल वाचणारा पहिलाच रकाना वाचतो.

माहुलीकर

माहितीच्या अधिकाराचे दोन्ही अर्ज उद्या टाकतो. मेची पसरणीतली मोजणी यंदा हुकली, तेवढी पावत्यांवरून काढेन. ऑगस्टच्या मोजणीला पावसात कागदाच्या टॅली टिकणार नाहीत, मोबाईलवर चालेल असा साधा फॉर्म कुणाकडं असेल तर इथं टाका.

घाटवाट

फॉर्मपेक्षा हाताचे क्लिकर काउंटर तीन घ्या: कार, बस-ट्रॅव्हल्स, दुचाकी. धुक्यात स्क्रीनवर बोट ओलं असलं की टच चालत नाही. दर १५ मिनिटांनी आकडा व्हॉइस नोटमध्ये बोलायचा, वेळ आपोआप नोंदली जाते.